बाबा, बदकं आणि ब्लिचिंग पावडर: हडपसर ते लोणी काळभोर, दोन फेऱ्या

माझ्या ऑफिसातली मंडळी सुट्टी मिळाली की लडाखला जातात, नाहीतर बँकॉकला. परत आल्यावर महिनाभर फोटो दाखवतात आणि मी 'वा, वा' म्हणत चहा पिते. यंदा दिवाळीनंतर मीही प्रवास केला. हडपसरहून लोणी काळभोरला. हसून घ्या. हे अंतर किती मोठं आहे ते सोलापूर रस्त्यावरच्या गर्दीत गाडीतळाला अर्धा तास उभं राहिलेल्या माणसालाच कळेल. आणि मी ते एकदा नाही, दोनदा पार केलं, तेही स्कूटीवरून.

जायचं ठरलं ते सुमेधच्या फोनमुळे. सुमेध माझा धाकटा भाऊ. इथल्याच एका आयटी पार्कात रात्रपाळीचा सपोर्ट करून करून कंटाळला आणि नोकरी सोडून लोणीच्या पुढे एक शेड भाड्यानं घेऊन बदकं पाळायला लागला. पांढरी पेकिन बदकं, मांसासाठी. पुण्यात बदक कोण खातं असं विचारू नका. माझ्याच टीममधला मल्याळी बिजू नाताळ जवळ आला की बदकाच्या आठवणीनं व्याकूळ होतो. बंगाली आहेत, आसामी आहेत. घरापासून लांब आलेल्या माणसाला आईच्या हातची चव मिळाली की तो पुढच्या रविवारचं पण आजच सांगून ठेवतो. धंदा चालेलसा होता. आम्ही मूळचे भंडारा जिल्ह्यातले, पवनीकडचे. तलावाच्या काठावर वाढलेल्या माणसांना बदकांचं नवल नसतं.

"ताई, एकदा येऊन जा," सुमेध फोनवर म्हणाला. "बहुतेक शेड खाली करावी लागणार."

"का? भाडं थकलं का?"

"भाडं नाही गं. वास."

आई गेल्यानंतर बाबा माझ्याकडे आले होते. सहाव्या मजल्यावर त्यांचा जीव रमेना. खाली वॉचमनशी किती बोलणार! शेवटी एक दिवस पिशवी भरून ते सुमेधकडे शेडवर राहायला गेले आणि तिथे मात्र खुलले. शेड गेली तर सुमेधला पुन्हा हेडफोन लावून रात्रपाळीला बसावं लागणार, आणि बाबांना पुन्हा माझा सहावा मजला. म्हणून शनिवारी सकाळी मी निघाले.

जाणाऱ्यांसाठी सांगते. सकाळी लवकर निघा. गाडीतळ ओलांडायच्या आधीच पोटात काहीतरी घाला, कारण पुढे थांबायची इच्छा होत नाही. मी एका टपरीवर मिसळ खाल्ली. मालकाला म्हटलं, "जरा रस्सा जास्त द्या." तो म्हणाला, "रस्सा जास्त हवा तर आमटी मागायची, मिसळ कशाला?" तरी वाटी भरून रस्सा आणून ठेवला. पुण्यात एवढं प्रेम पुरे असतं. दोघं असाल तरी पोटभर होतं आणि दोनशेची नोट मोडल्यावर सुट्टे परत येतात.

पंधरा नंबरचा थांबा, मांजरी फाटा मागे पडला की हवा थोडी मोकळी होते. टोलनाक्याच्या अलीकडून नदीकडे उतरणारा रस्ता घेतलात तर कवडीपाट लागतं. मुळा-मुठेवरचा जुना दगडी बंधारा. पाण्यावर फेस, काठाला प्लास्टिक, आणि त्या सगळ्याच्या मध्ये हिवाळ्यात कुठून कुठून उडत आलेली बदकं. केशरी रंगाचे चक्रवाक मी तिथे पहिल्यांदा पाहिले. शेजारी मोठमोठ्या लेन्सचे कॅमेरे घेतलेले तीन काका उभे होते. मी मोबाइल काढला तर एकानं माझ्याकडे बघून इतक्या हळू आवाजात "बंद करा ते" म्हटलं की मला शाळेत असल्यासारखं वाटलं. नाकाला रुमाल लावून सौंदर्य बघायची सवय असेल तर कवडीपाटला जरूर जा. मला आवडलं.

लोणीत शिरल्यावर स्टेशनकडचा रस्ता सोडून कालव्याच्या बाजूला वळायचं. खडकवासल्याहून निघालेलं पाणी इथपर्यंत येतं, आणि दोन्ही बाजूंना ऊस. सुमेधची शेड कमलताईंच्या घरामागे आहे. कमलताई म्हणजे जमिनीच्या मालकीणबाई. त्यांचं घर, मध्ये मोठं अंगण, अंगणाला लागून शेड आणि शेडच्या टोकाला सुमेध-बाबांची एक खोली.

वास मला कालव्याच्या पुलावरच आला. डोळ्यांना झोंबणारा. कमलताई एवढे दिवस गप्प कशा राहिल्या, याचंच मला नवल वाटलं.

सुमेधनं मला दारातच अडवलं. "कुठून आलीस?"

"कवडीपाटहून. चक्रवाक बघितले."

"मग तिथेच थांब. रानातली बदकं बघून थेट माझ्या बदकांत? त्यांचे रोग आले तर?" मग माझ्या चपला बाहेर, पाय औषधाच्या पाण्यात, आणि त्याचे भले मोठे गमबूट माझ्या पायात. चालताना फटाक फटाक आवाज. बाबा खोलीतून बाहेर आले.

"जय भीम बाबा."

"जय भीम. थकली का तू? बस ना. पाणी पे आधी."

आमच्या घरात कोणीही आलं तरी आधी पाणी. बाबा आरोग्य खात्यात आरोग्य सेवक होते. पूर्ण नोकरी सायकलवर गेली. कॅरिअरला ब्लिचिंग पावडरची थैली, हँडलला डबा, आणि विहिरीमागून विहीर. पावसाळ्यात गावोगाव हगवण पसरायची, तेव्हा माणसं रात्री-अपरात्री आमचं दार वाजवायची. बाबा पावडर कालवून विहिरीत सोडायचे आणि मग छोट्या नळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं की क्लोरीन पुरेसं आहे, पाणी प्यायला चांगलं. आम्ही दोघं भावंडं त्या पिवळ्या रंगाची वाट बघत शेजारी उकिडवी बसायचो. त्यांनी किती माणसं वाचवली हे कुठे लिहिलेलं नाही. पण आमच्या गल्लीत माझ्या वयाची सगळी मुलं मोठी झाली, हे मला माहीत आहे.

सुमेधनं मला शेड दाखवली. बदकं देखणी. पांढरीशुभ्र, पिवळ्या चोचींची, आणि सगळी मिळून एकाच वेळी बोलणारी. पण खालचा साळीचा भुसा ओला, काळा पडलेला. बदकाला पाणी नुसतं प्यायला नाही, चोच बुडवायला, नाक धुवायला, डोकं भिजवायला लागतं. सांडणं हा त्याचा स्वभावच. त्यात त्यांची विष्ठा पातळ झाली होती आणि भुसा सुकायलाच तयार नव्हता. तो वास त्या ओल्या भुशाचा.

"डॉक्टरांनी प्रोबायोटिक द्यायला सांगितलं," सुमेध म्हणाला. खोलीतल्या छोट्या फ्रिजमधून त्यानं एक पाकीट काढलं. "पोटातले चांगले जंतू असतात हे. पाण्यातून द्यायचे. पचन सुधारतं, खाल्लेलं अंगी लागतं, विष्ठा घट्ट होते, भुसा कोरडा राहतो. उगाच अँटिबायोटिक द्यावं लागत नाही. कागदावर सगळं मस्त आहे. हा तिसरा ब्रँड. झीरो इफेक्ट."

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. एखादी गोष्ट चालत नाही म्हटलं की माझे कान टवकारतात. "किती देतोस? कधी देतोस? कोणत्या पाण्यात?"

"ताई, ऑफिस घरी ठेवून येत जा ना. डोस बरोबर आहे, वेळ बरोबर आहे. बोअरचं पाणी वरच्या टाकीत चढवतो, तिथेच पावडर मिसळतो. सगळ्या भांड्यांना तिथूनच पाणी जातं. कंपन्याच चोर आहेत."

तेवढ्यात कमलताई आल्या. डोक्यावर पदर, हातात हिरव्या मिरच्यांचा वाटा माझ्यासाठी. बाई गोड. मी खाट झटकून दिली, माठातून तांब्या भरला आणि पुढे केला.

"पानी नको," त्या म्हणाल्या. हात सुद्धा लांब केला नाही.

माझा हात तसाच राहिला. बाबांनी मान फिरवून शेडकडे बघायला सुरुवात केली. पाणी नाकारणं म्हणजे काय, हे आमच्या घरात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. बाबांच्या लहानपणच्या गोष्टी आम्ही ऐकून आहोत. माझ्या डोक्यात एकदम तिडीक गेली. तांब्या दाणकन खाली ठेवला आणि मिरच्या परत द्याव्यात असं मनात आलं.

कमलताई बसल्या. पदरानं नाक झाकून बोलायला लागल्या. "ताई, राग नका मानू. मानसं लई चांगली हायत तुमची. ह्ये तुमचं वडील, दादा, तर आमच्या म्हातारीला रोज गोळ्या इचारत्यात. पन ह्यो वास. आमच्या पूनमचा साखरपुडा हाय ओ पुढच्या महिन्यात. ह्याच अंगणात पंगत बसायची. सोयऱ्यांनी नाकाला रुमाल लावून जेवायचं का? पोरीला जन्मभर ऐकवतील. साखरपुड्यापत्तूर वास गेला तर ऱ्हावा खुशाल. न्हाईतर शेड मोकळी करा. मला बी वाईट वाटतंय."

रास्त होतं. बोलायला जागाच नव्हती. पण पाण्याचं मला गिळवेना. मी म्हटलं, "ते ठीक आहे. पण कमलताई, आमच्या घरचं पाणी का नको तुम्हाला?"

बाबा म्हणाले, "प्रज्ञा, जाऊ दे ना."

कमलताई आधी माझ्याकडे बघत राहिल्या, मग बाबांकडे. मग त्यांच्या लक्षात आलं आणि बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. "आगं बाय! तसलं काय नाय ओ! देवाशपथ नाय. मागल्या टायमाला पेले की मी. तुमच्या पान्याला दवाखान्याचा वास मारतोय. माझं बाळंतपन ससूनला झालं, तवापास्नं त्यो वास आला की मला मळमळतंय." एवढं बोलून त्यांनी तांब्या उचलला, डोळे मिटून गटागटा रिकामा केला आणि काढा घेतल्यासारखं तोंड केलं.

मी शरमले, आणि हसायलाही आलं. आणि मग एकदम थांबले.

दवाखान्याचा वास. मी माठातून पुन्हा तांब्या भरला आणि पाणी हुंगलं. मला कसलाच वास येईना. सुमेधला दिलं, त्यालाही नाही. येणार कसा? आम्ही दोघं त्याच वासाचं पाणी पिऊन मोठे झालो. आमच्या लेखी पाण्याचा वास म्हणजे तोच.

"बाबा," मी विचारलं, "तुम्ही माठात पावडर टाकता?"

"माठात नाही," बाबा म्हणाले. "वरच्या टाकीत. सकायी फिरून आलो का टाकून देतो. बोअरचं पाणी हाय, भरोसा नाही. काहून?"

सुमेधनं डोक्याला हात लावला आणि भुईवर बसला.

बाबा रोज उजाडताच, सुमेध उठायच्या आत, टाकीत क्लोरीन सोडत होते. लपवून नाही. अंगण झाडावं तितक्या सहज. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. आणि थोड्या वेळानं सुमेध उठून त्याच टाकीत ते महागडे जिवंत जंतू सोडत होता. कमलताईंसमोरच मी सुमेधच्या डॉक्टरबाईंना फोन लावला. जनावरांच्या डॉक्टर, पुण्याच्या पेठेतल्या. सगळं ऐकून घेतल्यावर पलीकडून शांत आवाज आला.

"अहो, जंतू आहेत ते. क्लोरीननं काय त्यांना आडनाव विचारून सोडून द्यायचं का?"

"म्हणजे सगळे मेले?"

"बहुतेक सगळे. तुम्ही त्यांचं रोज सकाळी अंत्यसंस्कारासहित स्वागत करत होतात. साधं पाणी द्या. टाकी धुवा. आणि नुसत्या जंतूंच्या पावडरीच्या भरवशावर राहू नका, ओला भुसा काढून टाका आणि पाण्याची भांडी जाळीवर ठेवा, खाली चर काढा. बदकांना शिस्त लागत नाही, पाण्याला लावावी लागते."

फोन स्पीकरवर होता. बाबांनी सगळं ऐकलं. ते टाकीकडे बघायला लागले. मला वाटलं, त्यांना अपराधी वाटत असेल. तसं नव्हतं. त्यांना पटतच नव्हतं.

"म्हणजे तू पाण्यात जंतू टाकून रायला?" ते सुमेधला म्हणाले. "मले तर तू औषध सांगतलं."

"औषधच आहे बाबा. चांगले जंतू."

"जंतू चांगले?" जन्मभर गावोगाव भिंतींवर 'पाणी शुद्ध करून प्या' लिहीत फिरलेला माणूस आपल्या पोराकडे बघत होता. "अन् पाणी तसंच देऊ? बिना पावडरचं? त्या मुक्या जिवाइले?"

त्या क्षणी मला बाबांची इतकी माया आली की काय सांगू. त्यांना बदकं आणि माणसं यांत फरक करायचाच नव्हता. आपल्या दारात जो जीव आहे त्याला शुद्ध पाणी मिळालं पाहिजे, एवढंच त्यांना माहीत होतं. सुमेधही चिडला नाही. तो उठला, बाबांच्या शेजारी जाऊन बसला आणि म्हणाला, "बाबा, दही कसं लागतं? विरजणात पावडर टाकली तर लागेल का?"

बाबांनी विचार केला. "नाही लागणार."

"बस. तेच विरजण आहे हे. बदकांच्या पोटातलं."

"असं सांगाचं ना मंग पयलेच," बाबा म्हणाले. तरी जेवताना दोनदा त्यांनी विचारलं, की पाणी उकळून गार करून दिलं तर चालेल का.

दुपारी आम्ही रामदऱ्याला गेलो. लोणीला जाणार असाल तर चुकवू नका. तळ्याच्या मधोमध देऊळ, भोवती नारळ, बसायला थंडगार. रस्ता मात्र कंबरेची परीक्षा बघणारा आहे. बाबा काठावर उभे राहून तळ्याच्या पाण्याकडे संशयानं बघत होते. परत येताना उसाचा रस घेतला. बाबांनी बर्फ कुठल्या पाण्याचा आहे ते रसवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "काका, उसाला इचारा." मी हडपसरला परतले तेव्हा डिकीत कमलताईंच्या मिरच्या होत्या.

नंतरच्या दिवसांत सुमेध फोनवर बातम्या देत राहिला. टाकी धुतली. आता दोन टाक्या झाल्या, एक माणसांची, एक बदकांची. जुना भुसा काढून नवा टाकला. भांडी जाळीवर गेली. आणि बाबांनी आपली जुनी नळी आणि थेंबांची बाटली शोधून काढली. रोज सकाळी ते बदकांच्या टाकीतलं पाणी नळीत घेतात, थेंब टाकतात आणि बघतात. पिवळं झालं नाही तरच सुमेधला जंतूंची पावडर मिसळायला परवानगी. "उलटा कारभार हाय," असं म्हणत म्हणत ते करतात, पण एकही सकाळ चुकवत नाहीत. ज्या हातांनी जन्मभर तो पिवळा रंग आणला, त्याच हातांनी तो येऊ नये म्हणून बघायचं. मला ते ऐकून भरून आलं आणि मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन नाक पुसून आले.

दुसरी फेरी साखरपुड्याची. कमलताईंनी मला स्वतः फोन करून बोलावलं होतं. "यायचं बरं का, जेवायलाच." जेवण की निकाल, हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. या वेळी कवडीपाटला थांबले नाही. साडी नेसून स्कूटी चालवणाऱ्यांनी मांजरी फाट्यावर ट्रकपासून लांब राहावं, एवढा एकच व्यावहारिक सल्ला या खेपेचा माझ्याकडे आहे.

कालव्याच्या पुलावर मी मुद्दाम गाडी हळू केली आणि मोठा श्वास घेतला. ऊस, धूर, कुठेतरी तळणीचा वास. पुढे गेले. अंगणात मांडव, शेडच्या बाजूला नवं कोरं कापड लावलेलं. कापडामागे जाऊन शेडच्या जाळीला नाक लावलं. भुसा कोरडा, हातात घेतला तर भुरभुरणारा. वास नव्हताच असं मी म्हणणार नाही. बदकं ती, मोगरा नव्हे. पण जवळ गेल्याशिवाय येत नव्हता, आणि डोळ्यांना झोंबत तर मुळीच नव्हता. सुमेध गेल्या खेपेपेक्षा वाळला होता. "पंगत उठेपर्यंत काही बोलू नकोस," तो म्हणाला. "वारा फिरला तर काय सांगावं."

बाबा मात्र दिसेनात. खोलीत नाहीत, शेडमध्ये नाहीत. मग मांडवाच्या मागे टँकर दिसला आणि टँकरशेजारी बाबा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत वर, बादलीत पावडर कालवत होते.

"बाबा, हे काय?"

उत्तर कमलताईंनी दिलं. त्या हातातलं ताट सांभाळत लगबगीनं निघाल्या होत्या. "मीच सांगितलं दादांना. टँकर कुठनं भरून आनलाय कुनाला ठावं. एवढी मानसं पेनार, पोरीच्या साखरपुड्याला कुनाचं पोट बिघडलं म्हंजी? म्हनलं, पान्याचं समदं तुमच्याकडं. तुमी हो म्हनल्याबिगर एक गलास मांडवात जानार न्हाई."

"पण वास? तुम्हाला मळमळतं ना?"

"एक दिस मी ताक पेते की!"

बाबांनी नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, उजेडाकडे धरलं. पाणी फिकट पिवळं झालं. त्यांनी मान हलवली. "ने आता," ते वाढप्याला म्हणाले, आणि भरलेले जग मांडवात जायला लागले.

मी तिथेच उभी राहिले. ज्या माणसाला लहानपणी विहिरीपासून लांब उभं राहून ओंजळ धरावी लागली, त्याच्या हुकमाशिवाय आज या मांडवात पाणी हलत नव्हतं. कमलताईंना हे कळलं असेल का, मला माहीत नाही. बहुतेक त्यांनी फक्त टँकरचा विचार केला असेल. म्हणूनच मला त्यांचे जास्त आभार मानावेसे वाटले. बाबांना मी काहीच म्हणाले नाही. त्यांना पुढची बादली कालवायची होती.

पंगत बसली. मसालेभात, वांग्याची भाजी, जिलबी, मठ्ठा. सुमेध वाढायला पुढे होता, पण त्याचं अर्धं लक्ष पाहुण्यांच्या नाकांकडे. मी नवऱ्या मुलाच्या मामांच्या समोरच बसले होते. धिप्पाड माणूस, फेटा, जिलबी दोनदा मागितलेली. जेवता जेवता ते थांबले, मान वर केली आणि इकडेतिकडे बघायला लागले. सुमेध मठ्ठ्याचा जग घेऊन लगबगीनं मामांकडे आला.

"मघाधरनं बदकांचा आवाज येतोय," मामा म्हणाले. "हायत कुठं?"

कापडामागे एका बदकानं सुरुवात केली आणि बाकीच्यांनी साथ दिली.

"ही काय, तुमच्या पाठीमागं," कमलताई म्हणाल्या. "कापडाच्या पल्याड."

"इतकी जवळ? वास कसा न्हाई मग?" मामा वळून कापडाकडे बघायला लागले. "आमच्याकडं चार कोंबड्या हायत, तर पाव्हनं उंबऱ्यावरनं माघारी जात्यात."

"न्हाई येत वास," कमलताई म्हणाल्या. "आमची बदकं हायत ती."

आमची. सुमेधनं जग खाली ठेवला आणि वळून शेडकडे गेला. डोळे पुसायला गेला असणार. मी माझ्या पानावरची जिलबी उचलली आणि खरं सांगते, इतकी गोड जिलबी मी त्याआधी खाल्ली नव्हती. निघताना कमलताईंनी माझी ओटी भरली. वर म्हणाल्या, "दादांना म्हनावं, अंगनातली टाकी बी बघत जावा." दादा म्हणजे बाबा. शेड खाली करायची गोष्ट त्या दिवशी कोणी काढली नाही, आणि नंतरही नाही.

बिजूला त्याचं बदक मिळालं. नाताळात त्यानं घरून डबा आणला. मिरी, नारळाचं दूध आणि मऊ मांस. त्याची आई फोनवर होती, आणि तो तिला एक एक घास वर्णन करून सांगत होता. मी डबा चाटूनपुसून रिकामा करून दिला.

आता मी घरी आहे, सहाव्या मजल्यावर. काय राहिलं या प्रवासातून, असं स्वतःला विचारते तेव्हा आधी कृतज्ञताच वाटते. मिरच्या देणाऱ्या आणि मळमळत असताना तांब्याभर पाणी पिणाऱ्या कमलताईंबद्दल. फोनवर टोमणे मारून पैसे न घेणाऱ्या डॉक्टरबाईंबद्दल. आणि बाबांबद्दल. ज्या पाण्याचा वास आम्हाला येत नाही, त्या पाण्यानं आम्हाला जगवलं, हे मला कमलताईंनी नाक मुरडलं नसतं तर कधी आठवलं असतं?

परवा बाबांना फोन केला. सकाळची वेळ होती, मागे कलकलाट.

"कसं चाललंय बाबा?"

"मस्त. सुमेध बरा हाय. कमलबाईची म्हातारी बरी हाय. बदकं बरी हायत." मग थोडं थांबून, जवळच्या कोणाची तरी खुशाली सांगावी तशा आवाजात ते म्हणाले, "अन् जंतूही बरे हायत."